फक्त पाणी घालू नको

दस्तगीरनं ट्रकच्या केबिनमधून काढली काडी,
वीतभर, अंगठ्याएवढी जाड,
भुजच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
"गुग्गुळ हाय. तुझ्या गुडघ्यांसाठी आणलोय.
काय करू नको याला.
फक्त पाणी घालू नको."

कोल्हापुरात हे कुणाला सांगायचं?
इथं पाहुणा ताटावरून उठेस्तोवर
रस्सा वाढणारा हात थांबत नाही.
म्हशी पंचगंगेत मानेपर्यंत,
आणि नळाला पाणी आलं की
बायका दारापुढचा रस्तासुद्धा धुऊन काढतात.

पहिली काडी मीच मारली.
रोज सकाळी तांब्याभर. लाडानं.
उपटली तर बूड काळं, मऊ,
कुजक्या बटाट्याचा वास.
दस्तगीर काही बोलला नाही.
पुढच्या खेपेला दोन आणल्या.

एकतीस वर्षं शिरोलीत साचे भरले मी,
वाळू मला कळते.
मूठ दाबून उघडली तरी
बोटांचे ठसे धरून बसते
ती फौंड्रीची काळी वाळू, बेंटोनाइट पाजलेली.
लोखंडाला चालते, याला नाही.
याला मूठ उघडताच सांडणारी पाहिजे.
जोतिबाच्या उतारावरचा मुरूम आणला, चाळला.
कुंभार गल्लीत शशिकांताला म्हटलं,
बुडाला चार भोकं पाड.
"चार? मग पाणी राहणार कुठं?"
राहू नये म्हणूनच, बाबा.

वर पत्रा टाकला, उन्हासाठी नव्हे.
आषाढभर कुंडी पत्र्याखाली कोरडी
आणि तिला बघायला जाणारा मी
चिंब.

पानं आली नखाएवढी, कातरलेल्या कडांची.
दिवाळीच्या आत गळून गेली.
मग सात महिने नुसते काटे,
आणि साल कागदासारखी सुटून
वाऱ्यावर फडफडणारी.
रत्नप्रभा म्हणायची, "मेलंय की ते.
काटक्या कशाला सांभाळतोस?"
मी नखानं खरवडून दाखवायचा:
आत हिरवं.
तरी एका दुपारी कुंडी ओली.
"मी न्हाई घातलो पाणी," ती म्हणाली
पदराला हात पुसत.

त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर
त्रेचाळीस फूट कधीच मागं पडले.
रात्री दोनला दारात बोट.
तिनं रेशनकार्ड घेतलं, गॅसचं पुस्तक घेतलं,
मी कुंडी.
वल्हं मारणारा पोरगा खेकसला,
"काका, झाड कशाला?
झाडाला काय पाणी बाधतंय?"

शाळेत, पाचवी ब च्या खिडकीत, ठेवली.
चौथ्या दिवशी शेजारच्या सतरंजीवरची पोरगी
मदतीत आलेली बाटली घेऊन उभी.
"आल्यापासून ह्यानं कायच प्यायलं न्हाई, आजोबा."
मी तोंड उघडलं.
मिटलं.
एक टोपण. तिनं काठोकाठ भरून,
एक थेंब न सांडता घातलं.

आता कमरेएवढं झालंय.
दस्तगीरनं ट्रक विकला; रविवारी येतो,
कट्ट्यावर बसतो.
"डिंक काढलास?"
नाही.
थंडीत पात्यानं चीर द्यायची असते, उथळ.
घाई केली, खोल गेली,
की झुडूप सगळं देऊन टाकतं आणि वाळतं.
"मग गुडघे?"
दुखतात. दुकानातल्या गोळ्या घेतो.

गेल्या माघात पोरांचा चेंडू लागला,
एक फांदी चिरली.
जखमेवर थेंब आला, आधी दुधासारखा,
मग हळूहळू चहाच्या रंगाचा.
हात न लावता आम्ही दोघं बघत बसलो.
रत्नप्रभा किटली घेऊन बाहेर आली.
नको, नको, म्हणत आम्ही कपांवर हात धरले.
तिनं एकेक हात बाजूला केला
आणि ओतला.